बंदराच्या चित्रातले खालचे सहा इंच

औरंगपुऱ्यातल्या फ्रेमवाल्या कडुबाला राग यायला कारण लागत नाही, असं त्या गल्लीत सगळे सांगतात. साफ खोटं. कारण लागतं, आणि गिऱ्हाईकं ते रोज हातात घेऊनच दुकानाची पायरी चढतात. कोणी वारलेल्या वडिलांचा फोटो आणतं आणि म्हणतं, मागचं म्हशीचं शेपूट तेवढं उडवा. कोणाला लग्नाच्या फोटोतून भांडलेला मेहुणा वजा करून हवा असतो. मागं एकानं बाबासाहेबांची तसबीर आणली आणि तयार फ्रेम लहान पडते म्हणून हातातलं पुस्तक कापा म्हणाला. त्या वेळी कडुबाच्या तोंडून जे निघालं, ते ऐकायला समोरच्या चपलांच्या दुकानातली गिऱ्हाईकं एका पायात चप्पल घालून बाहेर आली होती.

बासष्ट वर्षांचा काटकुळा माणूस. दुकान सहा बाय दहाचं. एका भिंतीला सागाच्या पट्ट्या उभ्या, दुसरीला काचा, मध्ये टेबल. टेबलाच्या वर लाल ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी : ‘कागद कापला जाणार नाही.’ नवं माणूस ती वाचून हसतं. कारण फ्रेमच्या धंद्यात कागद कापणं ही रोजची गोष्ट आहे. तयार फ्रेमा ठरावीक मापाच्या असतात, फोटो बोटभर मोठा निघाला की सुरी चालवायची, कडा सरळ करायच्या, आणि कात्रण टेबलाखाली. सगळे तेच करतात, कोणाला काही वाटत नाही. कडुबा मात्र कागदाचं माप घेऊन त्याला फ्रेम करतो. वेळ दुप्पट लागतो आणि शिव्या फुकट मिळतात. तरी त्याचं दुकान चालतं, कारण फाटलेला, कुजलेला, वाळवी लागलेला कागद जोडणारा त्याच्यासारखा हात आसपासच्या चार तालुक्यांत नाही. शिवाय दुकानातलं बोलणंचालणं त्याची मुलगी करुणा बघते. ती नसती तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत गेलं असतं.

मार्च महिन्यात एका सोमवारी प्रांजली नावाची मुलगी स्कूटीवर आडवा प्लास्टिकचा पाइप घेऊन आली. वय तिशीच्या आत, बोलणं गोड. जालना रोडवर नवं हॉटेल होत होतं, त्याची आतली सजावट तिच्याकडं होती. पाइपातून तिनं एक गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. पसरता पसरता टेबल संपलं, तेव्हा करुणानं दुसरं टोक हातात धरलं.

सात फूट लांब आणि दोन फूट उंच असं जुन्या मुंबई बंदराचं चित्र होतं. दगडावरून छापलेलं, मग हातानं रंगवलेलं, चार तुकडे कापडावर चिकटवून एकसंध केलेलं. वर फिकट आभाळ, आभाळात घुसलेल्या डोलकाठ्या, मधे पाणी, डावीकडं किल्ल्याची भिंत, उजवीकडं दीपस्तंभ. प्रत्येक इमारतीवर बारीक आकडा, आणि चित्राच्या खालच्या कडेला त्या आकड्यांची नावं इंग्रजीत. करुणानं वाचून दाखवली. टांकसाळ, कस्टम हाउस, चर्च, गव्हर्नरसाहेबाचा बंगला, अशी एकूण चौतीस. आणि त्या नावांच्या वर, इमारतींच्या पुढं, धक्क्यावर माणसं. गाठी वाहणारी, पिंपं लोटणारी, दोर ओढणारी, दमून बसलेली. अंगठ्याच्या नखाएवढी, पण प्रत्येकाचे हातपाय निराळे. ज्यानं कोणी काढली त्यानं मन लावून काढली होती.

चित्र दोन घड्यांवर फाटलं होतं. कडुबानं भिंग लावलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही. करुणाला वाटलं, आजचा दिवस बरा जाणार.

“काका, हे जोडायचं,” प्रांजली म्हणाली, “आणि खालून सहा इंच कमी करायचं. रिसेप्शनच्या मागं ग्रॅनाइटचा कोनाडा केलाय, तो दीड फुटाचाच आहे.”

कडुबानं बोटानं पाटी दाखवली.

“वाचली काका. पण ही स्पेशल केस आहे.”

“मॅडम, हा कागद दीडशे वर्षांचा. तुमची भिंत किती वर्षांची?”

“दीड महिना झाला असेल.”

“मग फोडायचं काय? भिंत का कागद?”

प्रांजली हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. “काका, वर आभाळ आणि सगळी जहाजं आहेत, ती मालकांना आवडलीत. आणि खाली नाहीतरी आहे काय? हमालच तर आहेत.”

करुणानं डोळे मिटून घेतले.

“हमालच!” कडुबा उठला तसं स्टूल मागं पडलं. “हमालच तर आहेत! आगं, मग ती जहाजं रिकामी कोण करायचं? तुझ्या हाटेलाचा मालक? त्या कस्टमात, त्या टांकसाळीत माल काय पायानं चालत गेला? चौतीस इमारतींना नंबर दिलाय, दगडाला नाव दिलंय, आन् ह्या एवढ्या माणसांत एकाला नंबर नाय! त्यांनी नंबर दिला नाय, तर तू आता कापूनच टाकायलीस? व्हय? त्यांचं ओझं चालतं, त्यांचं तोंड चालत नाय?”

“काका, तुम्ही पर्सनली घेताय.”

“मग कसं घेऊ? हप्त्यानं घेऊ?”

समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. प्रांजलीचे डोळे भरले, पण तीही कामाची मुलगी होती, सहजासहजी हटणारी नव्हती. ती करुणाकडं वळून म्हणाली, “ताई, जोडून तेवढं द्या. गुरुवारी नेते. कापायचं मी दुसरीकडं बघते, मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे.” आणि निघून गेली.

आता यात गंमत बघा. चित्र जोडण्याचा हात एकट्या कडुबाकडं, आणि जोडलेलं चित्र चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या मशीनखाली जाणार. करुणा म्हणाली, “अप्पा, परत करू. काम नको.” कडुबा म्हणाला, “फाटका कागद तसाच परत करू? त्याचा काय गुन्हा?” आणि त्यानं गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला ठेवली.

तीन दिवस तो त्या चित्रावर वाकला होता. जुनं कापड ओल्या फडक्यानं सोडवलं. मागून कागजीपुऱ्याचा हातकागद पातळ खळीनं लावला, फाटीच्या दोन्ही कडा भिंगाखाली अशा भिडवल्या की एका हमालाचा तुटलेला पाय पुन्हा त्याच्या गुडघ्याला लागला. हात इतका हळू चालायचा की बघणाऱ्याला डुलकी यावी, आणि तोंडानं मात्र अखंड पट्टा चालू. प्रांजलीला शिव्या, मालकाला शिव्या, ग्रॅनाइटला शिव्या. तोंडातल्या तोंडात त्यानं माणसं मोजली. एकेचाळीस भरली.

खरं सांगायचं तर त्या शिव्यांतल्या निम्म्या स्वतःसाठी होत्या. ही गोष्ट औरंगपुऱ्यात कोणाला ठाऊक नाही.

कडुबाचा बाप मुंबईच्या गोदीत हमाल होता. वैजापूरकडच्या खेड्यातून गेलेला. कडुबा दोन वर्षांचा असताना जहाजातून उतरवलेली पेटी अंगावर पडून तो तिथंच गेला, आणि पारूबाई लेकराला कडेवर घेऊन गावी परतली. बापाचा चेहरा कडुबाला आठवत नाही. घरात फोटो नव्हता. एकच फोटो होता तो मुंबईला चुलत्याच्या खोलीत. गोदीतल्या साठ-सत्तर कामगारांचा, हातभर लांब, मागं आगबोट. चुलता म्हातारा होऊन गावी आला तेव्हा तो फोटो पारूबाईच्या हाती लागला. कडुबा तेव्हा सोळा वर्षांचा, ह्याच दुकानात उस्तादांच्या हाताखाली शिकत होता. पारूबाई रोजंदारीवर जाता जाता फोटो दुकानात देऊन गेली. “नीट फ्रेम कर रं,” एवढंच म्हणाली.

त्यातला बाप कोणता, हे त्यानं विचारलं नाही. उस्तादांसमोर कसं विचारायचं, की माय, माझा बाप ह्यात कोण? त्यानं आपल्या मनानं ठरवलं. मधोमध उभा असलेला, उंच, मिशीवाला गडी त्याला आवडला. हाच असणार. फोटोची डावी कड ओलीनं कुजली होती, आणि तयार फ्रेम चार बोटं तोकडी पडत होती. उस्ताद म्हणाले, “चार उंगली बाजू से मार दे, बराबर बैठेगा.” वाईट माणूस नव्हता तो, धंद्याची रीतच सांगितली. कडुबानं सुरी ओढली. कात्रण झाडलं, ते सरस शिजायला ठेवलेल्या भुशाच्या शेगडीत गेलं. मग त्यानं काच इतकी पुसली, इतकी पुसली की मिशीवाल्याची बटणं मोजता यावीत.

संध्याकाळी पारूबाई आली. फोटो हातात घेऊन तिनं मधे बघितलंच नाही. तिचं बोट सरळ डाव्या कडेला गेलं आणि लाकडावर थांबलं.

“हितं टोकाला बसला व्हता,” ती म्हणाली.

त्या दिवशी त्या फोटोबद्दल ती आणखी एक शब्द बोलली नाही. फ्रेम घरी टांगली गेली. तीत दुसऱ्यांचे बाप होते. आपला बाप आपण स्वतःच्या हातानं कापला आणि शेगडीत घातला, ही गोष्ट सोळाव्या वर्षी ज्याच्या वाट्याला आली, त्यानं पुढं गोड बोलावं अशी अपेक्षा कोणी करत असेल तर करो.

बुधवारी तो घरी पुंडलिकनगरला आला. पारूबाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांत सारा आलाय, सगळं धूसर दिसतं, पण कान शाबूत. त्याच्या चपलांच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं, आणि तो ताटावर बसल्यावर विचारलं.

“आज कोणावर चिडलास?”

“कोणावर नाय.”

“करुणा म्हणत व्हती, बंदराचं चित्र आलंय. गोदीचं. त्यात...”

कडुबानं ताट सारलं आणि उठला. पारूबाईनं चाचपून ताटावर ताटली झाकली. ह्या घरात ते नेहमीचंच होतं.

गुरुवारी दुकान उघडायच्या वेळी कडुबा दुकानात नव्हता. मापाची टेप खिशात घालून तो जालना रोडच्या त्या हॉटेलात जाऊन उभा राहिला. आत सगळीकडं प्लास्टिक अंथरलेलं, पॉलिशचा वास. रिसेप्शनच्या मागच्या कोनाड्यापाशी एक माणूस फरशीचे सांधे भरत होता. त्याचं नाव मुंजाबा. त्याच्या घरची पूर्वी मेंढरं होती, आता तो शहरात फरशा बसवतो.

“हा कोनाडा कोणी केला?” कडुबानं असा आवाज काढला की मुंजाबाच्या हातातली थापी थांबली.

“मीच. का? वाकडा हाये का?”

“दीड फूटच का केलास?”

“मला कागदावर दीड लिहून दिलं, मी दीड केला. दोन लिहिलं असतं तर दोन केला असता. आमाला कोण विचारतं, मामा?”

“आता दोन होईल का? खालून?”

मुंजाबानं खालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर टकटक केलं. “ही पट्टी नुसती चिकटवलीया. मागं पोकळ हाये. काढायला एक तास, पुन्हा खाली बसवायला दोन तास.”

चार दिवस कडुबानं जगाला शिव्या दिल्या होत्या, आणि उत्तर होतं तीन तासांचं. ज्याला ते माहीत होतं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याला आणखीच राग आला.

तेवढ्यात प्रांजली आली. कडुबाला बघून तिचा चेहरा उतरला. “काका, तुम्ही इथं? मालक शनिवारी येणार आहेत. मला तमाशा नकोय.”

“तमाशा करायला आलो नाय. ह्याला विचार, पट्टी खाली जाती का.”

“पण डिझाइन पास झालंय...”

“तुझं डिझाइन चुलीत घाल!” कडुबा ओरडला. रंगारी शिडीवरून वाकून बघू लागले. मग काय झालं कोण जाणे, तो हळू बोलू लागला. “पोरी, एक डाव कापलं की संपलं. भिंत पुन्हा बांधता येती. मी कापलंय एकदा. मला माहिती हाये.”

काय कापलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. ती मुंजाबाकडं वळली. “दादा, खरंच तीन तासांत होईल?”

“चहा पाजला तर अडीच.”

“करा,” ती म्हणाली. “मालकांना मी सांगते, माप घेताना माझीच चूक झाली.” आणि ते खरंही होतं.

शुक्रवारी चित्र अख्खं लागलं. चौतीस इमारती, एकेचाळीस माणसं, खालची नावं, सगळं. कडुबानं सागाची बारीक फ्रेम केली होती. मुंजाबानं फडक्याला हात पुसून जवळून बघितलं आणि गाठ उचललेल्या एकाकडं बोट केलं. “बराबर काढलंय. वजन मानेवर घेतलं नाय गड्यानं, पाठीवर घेतलंय.” कडुबाच्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही चित्राची इतकी चांगली पारख आजवर कोणी केली नव्हती. तरी तो गुरगुरलाच, “काचेला हात लावू नको.”

सोमवारी सकाळी त्यानं पारूबाईला रिक्षात बसवलं. तिनं विचारलं, मला हाटेलात काय करायचं? तो म्हणाला, चल. करुणा म्हणाली, अप्पा, आजीला दिसत नाही. तो तिच्यावरही खेकसला, तरी ती रिक्षात चढलीच.

काचेचं दार ओलांडून आत आला आणि त्याचं डोकं फिरलं. कोनाड्याच्या कडेवर फुलांच्या पितळी घंगाळांची रांग मांडली होती, चकचकीत, शेवंतीनं भरलेली. वर डोलकाठ्या दिसत होत्या, जहाजं दिसत होती, आभाळ दिसत होतं. खालचे सहा इंच शेवंतीच्या मागं.

“कोणी ठेवली ही?”

काउंटरवरची मुलगी दचकली. “सर, कोण पाहिजे आपल्याला?”

“माझी माणसं पाहिजेत!” कडुबा काउंटरच्या मागं शिरला. एक घंगाळ उचललं, जमिनीवर ठेवलं. दुसरं उचललं. पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. “कापू दिलं नाय, तर झाकायलेत! फुलं लावून झाकायलेत!” मुलीनं फोन उचलला. पाचवं घंगाळ खाली ठेवलं तेव्हा धक्का उघडा झाला, आणि सगळ्यात डावीकडची, दोराच्या वेटोळ्याशेजारी दमून बसलेली माणसं दिसू लागली.

“माय, हिकडं ये.” त्यानं तिचा हात धरून आणलं. पट्टी खाली सरकलेली, ती बारीक माणसं उभ्यानं नीट दिसत नाहीत म्हणून तो खाली बसला, अगदी फरशीवर, आणि बोट लावून सांगू लागला. “हे बघ, हे गाठी वाहायलेत. हे पिंप लोटायलेत. आन् हे हितं टोकाला बसलेत...”

पारूबाई चित्राकडं बघतच नव्हती. नखाएवढी माणसं तिला दिसणारही नव्हती. काठीवर दोन्ही हात ठेवून ती खाली बघत होती, फरशीवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या लेकाकडं.

“असाच बसायचा,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुझा बाप. एक गुडघा वर, एक पाय दुमडलेला. त्या फोटोतबी असाच बसला व्हता.”

कडुबाचं बोट काचेवरच राहिलं. “माय... तू कधी सांगितलं नाय.”

“सांगायचं कोणाला? फोटोचं नाव काढलं की तू ताट सारून उठायचा. शेहेचाळीस वर्षं. तू चिडायचा त्याच्यापायी नाय रे, स्वतःच्यापायी. आन् मी गप बसायची, आणखी चिडशील म्हणून. त्याच्या बसण्या-उठण्याचं, बोलण्याचं, सगळं हाये माझ्याजवळ. तू विचारलं कधी?”

तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. “बाबा, उठा. इथं खाली बसायला मनाई आहे.”

करुणा दारातूनच पुढं धावली, आता ह्या माणसाची काय धडगत नाही म्हणून. पण कडुबा त्याच्याकडं वळलाही नाही.

“आन् हात?” त्यानं आईला विचारलं. “हात कुठं ठेवायचा?”

पारूबाईनं काठी पुढं केली आणि तिच्या टोकानं त्याचा उजवा हात काचेवरून काढून गुडघ्यावर आणून ठेवला. मग जरा थांबून, काठीनंच, दोन बोटं पुढं सरकवला.

“हितं,” ती म्हणाली.